आर्वीचा पत्रा, खोडदची जाळी

भारतातल्या उपग्रह दळणवळणाचा इतिहास बहुतेक वेळा आकाशाकडे बघून लिहिला जातो. आर्यभट, अ‍ॅपल, इन्सॅट, जीसॅट अशी नावे येतात, प्रक्षेपणाच्या तारखा येतात, श्रीहरिकोट्यातल्या टाळ्या येतात. जमिनीवर उभ्या असलेल्या अँटेनांना त्यात जागा मिळते ती छायाचित्राच्या पार्श्वभूमीपुरती. ३६ हजार किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा क्षीण संदेश टिपायचे काम मात्र जमिनीवरच्याच यंत्राला करावे लागते, आणि ते यंत्र कसे घडवायचे या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत मिळालेली उत्तरे उपग्रहांच्या यादीपेक्षा जास्त बोलकी आहेत. ती पाहायला फार हिंडावे लागत नाही. एक पुणे जिल्हा जवळजवळ पुरतो. १९२७ मधली खडकी आणि दौंड, १९७२ मधली आर्वी आणि आर्वीच्याच शेजारचे, नारायणगावजवळचे खोडद ही ठिकाणे ओळीने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. लहरींची बेरीज करण्याचे काम इथे हळूहळू धातूकडून आकड्यांकडे सरकत गेले. हे स्थलांतर केवळ पैसे नव्हते म्हणून झाले, असे आपण सर्रास मानतो. तो समज पुराव्यावर टिकत नाही, असे मला वाटते.

बेरीज हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे. दूरच्या स्रोताकडून आलेली रेडिओ लहर अँटेनाजवळ पोहोचते तेव्हा इतकी विरळ झालेली असते की एका तारेच्या तुकड्यात तिचा मागमूसही लागू नये. म्हणून ती मोठ्या क्षेत्रफळावर गोळा करायची आणि एका बिंदूवर आणायची. मात्र त्या बिंदूशी सगळीकडून आलेल्या लहरींचे चढ चढांवर आणि उतार उतारांवर पडले पाहिजेत, नाहीतर त्या एकमेकींना पुसून टाकतात. पॅराबोलाचा आकार नेमके हेच साधतो. त्याच्या पृष्ठभागावर कुठेही आदळलेली लहर केंद्राशी पोहोचेपर्यंत सारखेच अंतर कापते. म्हणजे डिश हे पत्र्यात घडवलेले गणित आहे, आणि ते गणित एकच आहे: ठरावीक दिशेने आलेल्या सगळ्या लहरी मिळवा, बाकीच्या सोडून द्या. दिशा बदलायची तर शेकडो टनांचा सांगाडा फिरवावा लागतो. एकाच वेळी दोन दिशांना बघायचे तर दुसरी डिश उभारावी लागते.

खडकीला डिशही नव्हती. मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन याने लघुलहरींसाठी आखलेली ‘बीम’ पद्धत ब्रिटिश साम्राज्याच्या टोकाटोकांना बसवली जात होती, आणि १९२७ मध्ये तिची भारतीय जोडी पुणे जिल्ह्यात सुरू झाली. खडकीहून प्रक्षेपण व्हायचे आणि दौंडला ग्रहण. उंच मनोऱ्यांच्या रांगेत उभ्या तारांचा पडदा टांगलेला असे आणि त्याच्या मागे परावर्तनासाठी दुसरा पडदा. प्रत्येक तारेपर्यंत जाणाऱ्या वाहिनीची लांबी अशी जुळवलेली की सगळ्या तारा एकाच तालात थरथराव्यात. त्यामुळे ऊर्जा चहूकडे उधळली न जाता इंग्लंडच्या दिशेने एका अरुंद झोतात जाई. परिणाम इतका प्रभावी ठरला की समुद्राखालच्या तारायंत्र कंपन्यांचे धाबे दणाणले आणि १९२९ मध्ये ब्रिटनला केबल आणि बिनतारी हे दोन्ही धंदे एका कंपनीत जोडावे लागले. भारतातली ही सेवा १९४७ च्या पहिल्या दिवशी सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते झाले. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे ते एवढेच की खडकीच्या पडद्याची बेरीज तारांच्या लांबीत कायमची बांधलेली होती. मनोऱ्यांची रांग ज्या रेषेत रोवली, त्या रेषेने झोताची दिशा ठरली. लंडनऐवजी टोकियोशी बोलायचे मनात आले तर नवे मनोरे रोवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९६० च्या दशकात या खात्यापुढे नवे आव्हान आले. लघुलहरींचा दूरध्वनी वातावरणाच्या लहरीवर चाले. सूर्य खवळला की परदेशाशी बोलणे बंद. इंटेलसॅटच्या उपग्रहांनी त्यावर तोडगा काढला, पण त्यांचे प्रक्षेपक दुबळे होते. म्हणून इंटेलसॅटने जमिनीवरच्या प्रमाण केंद्रासाठी अटच घातली की डिश सुमारे ३० मीटर व्यासाची हवी आणि तिच्या मागचा ग्राहक इतका शांत हवा की त्याचा स्वतःचा गोंगाट संदेशाला झाकून टाकणार नाही. त्यासाठी पहिला वर्धक हेलियमच्या साहाय्याने अतिशीत ठेवत. विक्रम साराभाईंनी अहमदाबादला १९६७ मध्ये प्रायोगिक भूकेंद्र उभारून माणसे तयार केली होती. त्याच बळावर आर्वीचे केंद्र देशात बांधायचा आग्रह त्यांनी धरला. ९७ फूट व्यासाची डिश उभी राहिली. मात्र उद्घाटनाला साराभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ ला त्यांचे निधन झाले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी केंद्राला विक्रम हे नाव देऊन ते राष्ट्राला अर्पण केले.

आर्वीची जागा निवडण्यामागे डोंगर होते. जुन्नर तालुक्यातले ते खोरे चहूबाजूंनी वेढलेले आहे आणि शहरांकडून येणारे मायक्रोवेव्हचे अडथळे त्या डोंगरांवर अडतात. हे कारण पुढे पुन्हा लागेल. आधी पत्र्याकडे बघू. इंटेलसॅटला संदेश पाठवायचा तो ६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या लहरींवर. पृष्ठभागाचा खडबडीतपणा लहरीच्या विसाव्या हिश्श्याइतका झाला तर डिशची जवळपास एक तृतीयांश ताकद वाया जाते, असे अमेरिकी अभियंता जॉन रूझ याच्या सूत्रावरून निघते. ५ सेंटिमीटरचा विसावा हिस्सा अडीच मिलिमीटर. तेव्हा सात-आठ मजली इमारतीएवढा पत्र्याचा वाडगा, उन्हात तापणारा, जुलैच्या वाऱ्यात डोलणारा आणि स्वतःच्या वजनाने वाकणारा, त्याने अडीच मिलिमीटरसुद्धा आकार सोडायचा नाही! आर्वीचा सगळा खर्च आणि सगळे पोलाद या एका अटीच्या पायी गेले. बेरीज पत्र्यात करायची म्हटली की पत्रा अचूकच लागतो, आणि अचूकता व्यासाबरोबर भराभर महाग होत जाते.

तीनच वर्षांनी याच देशात, याच साराभाईंनी आखलेल्या दुसऱ्या प्रकल्पात, पत्र्याची जागा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीने घेतली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून थेट दूरदर्शन दाखवले गेले. साइट या आद्याक्षरांनी तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओडिशा ही ती राज्ये. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात सुमारे तीन मीटर व्यासाचा हलका सांगाडा, त्यावर जाळी, केंद्राशी एक छोटा ग्राहक आणि आत दूरदर्शन संच एवढाच सरंजाम. बैलगाडीतून नेता येईल, गावातला माणूस दुरुस्त करील असा. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि त्यांच्याबरोबर एक निष्कर्षही पसरला: गरीब देशाने पत्रा परवडत नाही म्हणून जाळीवर भागवले. आजच्या भाषेत, जुगाड.

हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण खेड्यात नसून आकाशात आहे. ज्या एटीएस-६ कडून हा संदेश येत होता तो त्या काळचा सर्वांत प्रगत दळणवळण उपग्रह. त्याची स्वतःची अँटेना कशाची होती? तीही जाळीचीच. तांब्याचा मुलामा दिलेले कापडी विणकाम ४८ लवचीक फासळ्यांवर ताणून नऊ मीटरहून मोठी छत्री केलेली होती. उड्डाणाच्या वेळी ती गुंडाळलेली आणि कक्षेत गेल्यावर उलगडलेली. नासाला पत्रा परवडत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही टोकांना जाळी होती कारण खेड्यांकडे येणारा संदेश ८६० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ३५ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा होता. एक-दीड सेंटिमीटरची भोके एवढ्या लांब लहरीला जवळजवळ दिसतच नाहीत. रूझचे गणित इथे लावले तर जी चूक आर्वीत अडीच मिलिमीटरला गाठली जाई ती इथे पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत चालते. तेव्हा जाळी हा काटकसरीचा तुकडा नव्हता. लहरीची लांबी आणि उपग्रहाची शक्ती ठरवतानाच जमिनीवरच्या सामानाचा साधेपणा ठरवला गेला होता. खर्च एका जागी, वर, एकदाच करायचा आणि २४०० जागी वाचवायचा, असा तो हिशेब. पैसा कमी असल्याने हा हिशेब करावासा वाटला हे खरे, पण तो बरोबर आला तो पैसा कमी होता म्हणून नव्हे.

या विचाराला शेवटापर्यंत नेणारा माणूस दळणवळण खात्याचा नव्हता. गोविंद स्वरूप हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियात आणि स्टॅनफर्डला शिकून होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांची पहिली अँटेना कल्याणला उभी राहिली. सिडनीजवळ वापरून झालेल्या, सहा फुटी व्यासाच्या ३२ डिश ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या होत्या, त्या एका ओळीत मांडून १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. बत्तीस छोट्या डिश मिळून एका मोठ्या डिशचे काम काढायचे तर प्रत्येकीकडून येणाऱ्या केबलची लांबी काटेकोर जुळवावी लागे. म्हणजे बेरीज अजून खडकीसारखी तारेच्या लांबीतच होती. १९७० मध्ये उटीला पुढचे पाऊल पडले. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी ती दुर्बीण विषुववृत्तापासून ११ अंशांवर असलेल्या गावात ११ अंश उताराच्याच टेकडीवर बांधली, त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून तारा दिवसभर धरून ठेवता येऊ लागला. तिच्या पृष्ठभागावर पत्रा नाही, पोलादाच्या सुमारे ११०० बारीक तारा आहेत. आणि उत्तर-दक्षिण दिशेने बघताना तिचा सांगाडा हलतच नाही. ओळीने बसवलेल्या हजाराहून अधिक द्विध्रुवांचे ताल विजेच्या साहाय्याने पुढेमागे करून झोत वळवला जातो. दिशा मनोऱ्यांतून सुटून विद्युत मंडलात आली, ती इथे.

खोडदला ती आकड्यांत आली. १९८० च्या दशकात स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटर लांबीच्या लहरींसाठी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण बांधायचे ठरवले, आणि जागा शोधता शोधता ते आर्वीच्याच शेजारी येऊन पोहोचले. डोंगरांनी वेढलेले तेच खोरे, तोच शांतपणा, वारा बेताचा, पुणे हाकेच्या अंतरावर. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या, त्यांतल्या १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, टोकाटोकांत सुमारे २५ किलोमीटर अंतर ठेवून. प्रत्येक डिश आर्वीच्या डिशच्या दीडपट व्यासाची. पत्र्याने केली असती तर एकीतच निधी संपला असता. इथे सोळा पॅराबोलिक कमानींच्या दरम्यान पोलादी दोर ताणले आणि त्यांवर जाळी बांधली. जाळीची तार ०.५५ मिलिमीटर जाड, भोके मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला जाताना २० मिलिमीटरची. कडेच्या जाळीचा हिशेब केला तर तार शंभरातले जेमतेम साडेपाच भाग व्यापते. बाकी सगळी हवा. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. सांगाडा हलका, म्हणून मोटारी लहान पुरतात. जवळ उभे राहून पाहिले तर डिशमधून मागचे आकाश दिसते, आणि खोडदला पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही तो याच कारणाने.

पण जाळीने प्रश्नाचा अर्धाच भाग सोडवला. तीस डिशची मिळून एक डिश कशी करायची? टोकाच्या डिशपाशी आलेली लहर मध्यभागापेक्षा कित्येक मायक्रोसेकंद आधी किंवा नंतर पोहोचते आणि पृथ्वी फिरत असल्याने हा फरक क्षणाक्षणाला बदलत राहतो. तारेची लांबी जुळवून तो भरून काढायचा तर अनेक किलोमीटरची केबल सतत कमीजास्त करावी लागेल. म्हणून प्रत्येक डिशचा संदेश प्रकाशतंतूवरून खोडदच्या मुख्य इमारतीत आणला जातो आणि तिथे सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात. एकदा आकडे झाले की उशीर म्हणजे फक्त स्मृतीत थांबवलेला आकडा. मग प्रत्येक डिशच्या आकड्यांतून वेगवेगळ्या वारंवारता सुट्या करायच्या आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार करायचा. तीस डिशच्या जोड्या ४३५ होतात. वारंवारता सुट्या करण्याची जुनी सरळ रीत १०२४ आकड्यांसाठी दहा लाखांहून जास्त गुणाकार मागते. जेम्स कूली आणि जॉन टकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत तेच काम सुमारे दहा हजार पायऱ्यांत करते. ही शंभर पटींची बचत हाताशी नसती तर खोडदच्या तीस जाळ्या तीस सुट्या डिश म्हणूनच राहिल्या असत्या. आर्वीत जे काम अडीच मिलिमीटरची अचूकता करीत होती, ते खोडदला या पायऱ्या करतात. आणि आकड्यांच्या प्रती फुकट निघतात! एकाच संदेशातून पाच वेगळ्या दिशांची बेरीज करायची असेल तर पाच डिश लागत नाहीत.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा नंतरच्या काळातला आहे. खोडदची दुर्बीण ऑक्टोबर २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली तेव्हा ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळत असे. २०१० च्या सुमारास खास बनवलेल्या मंडलांचे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांवरच्या प्रणालीकडे गेले. पुढच्या दशकात केंद्राशी बसवलेले ग्राहक बदलले, मागची संगणकयंत्रणा चित्रकामाच्या प्रोसेसरांवर नव्याने बांधली गेली आणि पट्ट्याची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचली. संवेदनक्षमता पट्ट्याच्या वर्गमुळाने वाढते. बारा-साडेबारा पट रुंदीचे वर्गमूळ सुमारे साडेतीन. प्रत्यक्षात तीनपटीपर्यंत लाभ झाला. तोच लाभ क्षेत्रफळ वाढवून मिळवायचा असता तर तीस डिशच्या नव्वद कराव्या लागल्या असत्या. कमानी त्याच राहिल्या, जाळी तीच राहिली. १९९० च्या दशकात बांधलेला धातू पंचवीस वर्षांनी नव्या गणितावर चालू शकतो. आर्वीच्या पत्र्याला ही सोय नव्हती, कारण त्याचे गणित त्याच्या आकारातच गोठलेले होते.

इथे कोणी म्हणेल की आर्वी मागे पडली ती गणितामुळे नव्हे, समुद्राखालच्या प्रकाशतंतूंमुळे. आक्षेप रास्त आहे. १९९४ पासून मुंबईला उतरलेल्या प्रकाशतंतूंच्या केबलनी परदेशी दूरध्वनीचा भार उचलला आणि ३० मीटरच्या डिशचा मूळ ग्राहकच निघून गेला. (१९२७ मध्ये खडकीने केबलवाल्यांना घाम फोडला होता; सत्तर वर्षांत केबलने परतफेड केली.) पण मग उपग्रहावरच राहिलेल्या कामांचे काय झाले तेही पाहायला हवे. घरोघरी गच्चीवर बसलेली साठ सेंटिमीटरची डिश पत्र्याचीच आहे, लहरीही अडीच सेंटिमीटरच्याच आहेत, आणि तरी ती शेकडो वाहिन्या देते. उपग्रह जास्त शक्तिमान झाले हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे चित्र पाठवण्याआधी ते आकड्यांत आवळले जाते आणि वाटेत झालेल्या चुका सुधारता याव्यात म्हणून जादा आकडे पेरले जातात. या दोन कारणांत कोणाचा वाटा किती, हा हिशेब कोणी काटेकोर मांडू शकेल असे मला वाटत नाही. मात्र आता उपग्रहावरून इंटरनेट घेण्यासाठी जी सपाट पाटी येऊ घातली आहे तिच्यात वाडगा उरलेलाच नाही. शेकडो इवल्या अँटेना आणि त्यांचे ताल पुढेमागे करणाऱ्या चिप. झपाट्याने सरकणाऱ्या उपग्रहाचा पाठलाग ती जागची न हलता करते. फ्रँकलिनचा तारांचा पडदाच तो, फक्त आता त्याची दिशा मनोऱ्यांच्या रांगेने ठरत नाही.

उलट बाजूने अतिशयोक्तीही होते आणि तिलाही आवर घालायला हवा. नासाच्या गॅलिलिओ यानाची प्रसंगकथा या बाबतीत नेहमी सांगितली जाते. गुरूकडे निघालेल्या या यानाची ४.८ मीटरची जाळीदार छत्री एप्रिल १९९१ मध्ये उघडताना अडकली आणि उरली ती छोटी, सर्व दिशांना पातळ बोलणारी अँटेना. अभियंत्यांनी यान वाटेत असतानाच त्याची संगणकप्रणाली बदलली, चित्रे आवळली, चुका सुधारणारी सांकेतिक पद्धत दाट केली, आणि जमिनीवर कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियातल्या अनेक डिशचे संदेश एकत्र मिळवले. सेकंदाला दहा बिटांवरून वेग १६० पर्यंत गेला आणि ठरलेल्या वैज्ञानिक कामांपैकी सुमारे ७० टक्के पार पडली. हा पराक्रमच होता. पण छत्री उघडली असती तर वेग १,३४,००० बिट असता. गणिताने मोडलेल्या धातूचे नुकसान भरून काढले, हे वाक्य म्हणताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. क्षेत्रफळ ही गोष्ट गणिताने निर्माण होत नाही. स्वरूपांनी म्हणूनच जाळी निवडली: क्षेत्रफळ भरपूर हवे आणि स्वस्त हवे, अचूकतेचा जेवढा भाग आकड्यांवर टाकता येईल तेवढा टाकावा.

दुसरा आक्षेप असा की खोडद ही खगोलशास्त्राची जागा. दळणवळणाच्या इतिहासात तिला ओढणे म्हणजे गल्लत. तारे बोलत नाहीत, त्यांना उत्तर द्यायचे नसते. पण १९ ऑक्टोबर २०१६ ला खोडदने बोलणारे यंत्र ऐकले. युरोपीय अवकाश संस्थेचे श्यापरेली हे अवतरक त्या दिवशी मंगळावर उतरणार होते. ते आपला संदेश ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही वॅटच्या प्रक्षेपकावरून, मंगळाभोवतीच्या यानासाठी सोडत होते. पृथ्वीवर तो ऐकू यावा अशी त्याची रचनाच नव्हती. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर, म्हणजे लहरीला पोहोचायला पावणेदहा मिनिटे. खोडदच्या डिश एकत्र मिळवल्या आणि आलेल्या आकड्यांचा पट्टा अतिशय अरुंद कप्प्यांत चिरला. गोंगाट सगळ्या कप्प्यांत वाटला जातो, तर एकसुरी वाहक लहर एकाच कप्प्यात राहते, म्हणून कप्पे जितके बारीक तितकी ती गोंगाटातून वर येते. यानाचा वेग बदलला की तिचा सूर सरकतो, म्हणून पडद्यावर ती सरळ रेघ न राहता वळत जाणारी रेघ होते. संदेशातला मजकूर वाचण्याइतकी ताकद त्यात नव्हती, तो मजकूर मंगळाभोवतीच्या यानाने नोंदला. पण उतरण कशी चालली आहे हे पृथ्वीवर त्याच वेळी कळत होते. भारतात रात्रीचे आठ वाजून गेले होते. अपेक्षित क्षणाच्या सुमारे पाऊण मिनिट आधी रेघ थांबली.

चौकशीत कारण सापडले ते या लेखाच्या मुद्द्याशी थेट जोडलेले आहे. हवाईछत्री उघडताना यान इतके जोरात फिरले की फिरकी मोजणारे उपकरण आपल्या कमाल मर्यादेला जाऊन काही क्षण तिथेच अडकले. संगणकाने तो खोटा आकडा खरा मानून पुढची बेरीज केली आणि उंची शून्याखाली आली असे उत्तर काढले. मग जमीन आल्याच्या समजुतीने छत्री सोडली, ब्रेकची इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवली, आणि यान पावणेचार किलोमीटरवरून कोसळले. गणितात चूक नव्हती. मोजण्याचे टोक भरून गेल्यावर त्यामागच्या गणिताला सत्य सापडायला वावच उरला नव्हता.

खोडदच्या संगणकांना हीच मर्यादा रोज भेटते. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, वरून जाणारे उपग्रह यांचा गोंगाट पहिल्या वर्धकाला भरून टाकण्याइतका झाला, की नंतर कितीही चतुर गाळणी लावली तरी दबलेला संदेश परत मिळत नाही. त्यापेक्षा कमी असलेला गोंगाट आकड्यांत ओळखून कापता येतो आणि तशी यंत्रणा आता तिथे बसवलेली आहे. वरच्या मर्यादेचा इलाज मात्र अजून १९७२ मधलाच आहे: डोंगर आणि अंतर. म्हणून दुर्बिणीच्या भोवतालच्या टापूत उद्योगांवर बंधने आली, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग नारायणगावजवळून जात असल्याने त्यावर हरकत घेतली गेली व तो बदलण्याचे ठरले. टोमॅटो आणि द्राक्षे मुंबईला पाठवणाऱ्या नारायणगावकरांची रेल्वेची मागणी जुनी आणि न्याय्य आहे, त्यामुळे हा निर्णय तिथे कोणाला गोड लागला नाही. विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ आणि वरची तार यांच्यात उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओच्या सगळ्या पट्ट्यांवर एकदम पसरते. तिला ठरावीक सूर नसतो, म्हणून तिला एका कप्प्यात पकडून बाजूला काढता येत नाही.